धाकूची चूक

“ऊठ गो, ऊठ आधी! सुगंधा! लाज काय शहरात विकून आलीस?”

बाळाराम गावकर पुलाच्या तोंडाशी उभे राहून ओरडत होते. मी पुलाच्या मधोमध फळ्यांवर पालथी पडले होते. हनुवटी फळीला टेकवलेली, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपुढे धरलेलं. पलीकडच्या टोकाला माझ्या दोन चुलतबहिणी उभ्या होत्या आणि मी हात केला की दोघी एकदम उडी मारत होत्या.

“काका, एक मिनिट. मोजतेय.”

“काय मोजतेस?”

“पूल.”

गावकरांनी कपाळावर हात मारून घेतला. “धाकूला सांगायला हवं. पोरगी शिकून शिकून वाया गेली.”

मी तेव्हा चिपळूणला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि शिमग्याला चार दिवस घरी आले होते. पुलाचं उद्घाटन दिवाळीत झालं होतं, पण मी तो पहिल्यांदाच पाहत होते. खाडीच्या दोन्ही काठांना सिमेंटचे खांब, त्यांना ओढून बांधलेले दोन जाड तारदोर आणि त्यांना लटकवलेल्या लाकडी फळ्या. माणूस चालला की पूल झुलायचा. सगळ्या गावाला त्याचं कोण कौतुक! मलाही होतंच. मी कौतुकानंच चालायला गेले होते. पण बहिणींनी टोकाला सहज एक उडी मारली आणि फळ्यांतून एक उंचवटा निघाला. तो माझ्या पायांखालून गेला, आमच्या काठच्या खांबाला जाऊन आपटला आणि तिथून उलटा फिरून परत आला. तेवढ्यात बहिणींनी दुसरी उडी मारली. परत येणारा उंचवटा आणि नवा उंचवटा एकमेकांत मिसळले, आणि मी फळीवरून चांगली वीतभर वर उडाले.

कॉलेजात आम्ही लाटांचं प्रकरण नुकतंच संपवलं होतं. वहीत त्याच्या सुरेख आकृत्या काढल्या होत्या. ते असं बुडाखालून निघून जाईल असं काही सरांनी सांगितलं नव्हतं.

म्हणून मी मोजत होते. उड्या थांबवल्या तरी पूल थोडा वेळ आपल्या मनानं वरखाली होत राहायचा. तेरा सेकंदांत वीस वेळा. तीनदा मोजलं, तिन्हीदा तेच आलं.

ते आकडे घेऊन मी घरी आले, तर बाबा पडवीत ढोल वाजवत बसले होते.

माझे बाबा, धाकू शिगवण, वर्षभर गवंडीकाम करायचे. जांभ्याचे चिरे बसवण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. पण गावात त्यांना ओळखायचे ते ढोलासाठी. ग्रामदेवी नवलाईच्या पालखीपुढे ढोल वाजवायचा मान आमच्या घराण्याचा, आणि बाबा तो बत्तीस वर्षं वाजवत होते. गळ्यात पट्टा अडकवला की हा बुटका, काटकुळा माणूस सगळ्या गावाला आपल्या टिपरूवर, ढोलाच्या त्या काठीवर, नाचवायचा. त्यांच्यासोबत दुसरा ढोल संदेश वाजवायचा. पोरगा पंचविशीतला, हाताला जोर भरपूर, पण डोळा सतत बाबांच्या मनगटावर.

मी पायरीवर बसले. त्यांची पालखीची चाल चालू होती. सवयीनं माझी नजर घड्याळाकडे गेली आणि मी ठोके मोजले. तेरा सेकंदांत वीस.

मी पुन्हा मोजले. तेच, पुलाचेच आकडे.

“बाबा, पालखी पैलवाडीला पुलावरनंच जाणार?”

“म्हणजे काय! परवा दुपारी.” बाबांनी टिपरू खाली ठेवलं. “तुज्या आयशीला विचार. महिनाभर झोप नाय तिला.”

आई मागच्या दारातून हसली. तिचं माहेर खाडीपलीकडचं, पैलवाडीचं. वाडी गावातलीच, पण पूल होईपर्यंत तिथे होडीनं जावं लागायचं. होडीत पालखी नाचवता येत नाही. त्यामुळे नवलाई पैलवाडीला पिढ्यान्‌पिढ्या मुकाट बसून यायची, काठावर उतरायची, ओटी घ्यायची आणि परत बसून जायची. इतर वाड्यांत ती घरोघर नाचत जायची. पैलवाडीच्या बायकांना हे फार लागायचं. आई लग्न होऊन अलीकडे आली तेव्हा देवीला नाचताना पहिल्यांदा बघून रडली होती म्हणे. आता पूल झाला होता. या वर्षी देवी खाडीवरून नाचत तिच्या माहेरी जाणार होती, आणि पुढे तिच्याच नवऱ्याचा ढोल असणार होता. आईनं त्या दिवसासाठी हिरवं लुगडं काढून ठेवलं होतं.

हे सगळं माहीत असून मी बोलले. न बोलून करते काय!

“बाबा, पूल त्या चालीला टिकायचा नाही.”

“शंभर माणसांचा पूल हाय. इंजिनेर सांगून गेलाय.”

“शंभर माणसं उभी राहिली तर काही होणार नाही. साठ माणसं एका तालात नाचली तर होईल.”

बाबांना ते पटलं नाही. पटलं नाही याचा मला राग आला नाही, कारण मलाही ते नुसतं ऐकून पटलं नसतं. मी उठले, आईची कपडे वाळत घालायची दोरी एका बाजूनं सोडली आणि ते टोक बाबांच्या हातात दिलं. दुसरं टोक पडवीसमोरच्या आंब्याला बांधलेलंच होतं.

“एक झटका द्या.”

त्यांनी दिला. दोरीतून लाट गेली, आंब्याला लागली आणि उलटी होऊन त्यांच्या मुठीत परत आली.

“आली की गो परत!”

“आता हलवत राहा. ती परत येते त्या वेळेला बरोबर पुढचा झटका बसेल असं.”

हा प्रयोग आम्ही कॉलेजात करायचो तेव्हा दोरी नीट जुळायला अर्धा तास जायचा. बाबांना चार झटके लागले. पाचव्याला दोरीचा मधला भाग फुगून वरखाली व्हायला लागला. टोकं जागच्या जागी, मधे हा एवढा मोठा फुगवटा, आणि बाबांचं मनगट मात्र जेमतेम हलत होतं.

“जोर लागतच नाय,” ते पुटपुटले.

“तेच सांगतेय. जोर लागत नाही. वेळ जुळली की प्रत्येक धक्का आधीच्या धक्क्यात मिसळतो. पुलाची स्वतःची एक चाल आहे, बाबा. आणि ती तुमचीच चाल आहे. मी मोजलीय.”

त्यांनी हात थांबवला. दोरी हलत हलत शांत झाली. त्यांनी टोक बोटांत धरून पुन्हा एकदा हळूच झटकून पाहिलं. आईनं ओले कपडे काखोटीला मारून विचारलं, “तुमचा खेळ झाला असेल तर माझी दोरी बांधता काय?”

संध्याकाळी मी सहाणेवर गेले. सहाण म्हणजे देवळापुढचा चौथरा, शिमग्यात पालखी तिथे बसते. गावकर पालखीचे मुख्य मानकरी; ते इतर मानकऱ्यांबरोबर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. अगदी सावकाश, हाताच्या खाणाखुणा करून. त्यांनी ऐकून घेतलं हे खरं.

“पोरी, देवीचा भार कुणाला होत नाय,” गावकर म्हणाले.

“काका, भाराचं नाहीच. पावलांचं आहे. पुलापुरता ढोल थांबवा आणि साधं चालत न्या.”

ते ऐकून तिथे बसलेला संदेशसुद्धा हसला. पालखी खांद्यावर असली की ढोल थांबत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

“पैलवाडीची माणसं वाट बघून म्हातारी झाली,” गावकर म्हणाले. “त्यांना काय सांगू? धाकूच्या पोरीनं पूल मोजला म्हणून देवी चालत आली?” मग जरा नरमाईनं म्हणाले, “घरी जा. आयशीला पुरणाला मदत कर.”

घरी आले ती धुसफुसतच. बाबा जेवत होते.

“ढोल नाय थांबवता येणार,” ते आपणहून म्हणाले. “माज्या बापानं घातलेली रीत नाय ती, की मी काढू. चाल सावकाश केली तर?”

“अर्ध्यावर आणलीत तर एकाआड एक धक्का बसतच राहणार. मधेच कुठेतरी ठेवलीत तर पालखी नाचेल?”

“नाय नाचायची. पाऊल अडखळेल.”

“मग अडखळू दे! तेच हवंय. सैनिकसुद्धा पुलावर आले की कदम मोडतात, जो तो आपापल्या पावलानं चालतो. पाऊल मोडलं पाहिजे, बाबा.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बढाई नव्हती त्यांच्या तोंडावर. चिरा ओळंब्यात आहे की नाही हे सांगावं तसं ते म्हणाले, “माज्या ढोलावर पाऊल मोडत नाय कुणाचं. बत्तीस वर्षांत मोडलं नाय.”

“मग घ्या तुमची बत्तीस वर्षं आणि बुडवा साठ माणसं खाडीत!”

आईनं हातातली पळी परातीत आदळली. “जल्लं मेलं तुझं शिक्षण! शिमग्याच्या दिवसांत असलं अभद्र बोलतेस? माझ्या माहेरी देवी जायची तर तुझ्या पोटात दुखतं?”

बाबांनी जेवण तसंच टाकलं. ताटावर हात धुतला आणि उठून गेले. मी रुसून माजघरात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाबा एकटेच आंब्यासमोर उभे, हातात आईच्या दोरीचं टोक. हलवतात, थांबतात, परत हलवतात. दोरी कशीही वेडीवाकडी वळवळत होती, फुगवटा काही धरत नव्हती. मला वाटलं, काल चार झटक्यांत जमलं ते आज विसरले. इतकी चिडले होते मी, की शिकवायलासुद्धा गेले नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी पालखी पुलाच्या तोंडाशी आली तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. खाडीला भरती होती. पलीकडच्या काठावर अख्खी पैलवाडी उभी होती, बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. एक म्हातारा तर आधीपासूनच हात जोडून उभा होता. पुढे बाबा आणि संदेश, त्यांच्यामागे पालखी आणि गावकर, त्यांच्यामागे आम्ही. पाच-पाच जणांनी जा असं कोणीतरी ओरडलं, पण कोण ऐकतोय! सगळे लोटले. आई माझ्यापुढे होती, हिरवं लुगडं, हातात ओटीचं ताट. तिला अडवायची माझी हिंमत झाली नाही. मी तिच्या पदराला धरून चालले.

पहिली पंधरा-वीस पावलं काही झालं नाही. बाबा नेहमीची चाल वाजवत होते. मी मनात त्यांना शिव्या घालत होते. अहो, घातल्या मी, खोटं कशाला बोलू!

मग पोटात गुदगुल्या झाल्यासारखं झालं. फळ्या जराशा वर आल्या, खाली गेल्या. बायका खिदळल्या. पुढच्या ठोक्याला फळ्या आणखी वर आल्या. देवीचे चांदीचे मुखवटे उन्हात वरखाली चमकायला लागले, आणि गावकरांनी दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, “देवी खेळाय लागली रे! खेळवा आईला! खेळवा!”

झालं! पलीकडच्या काठावरून जल्लोष उठला. पालखी खांद्यावर घेतलेल्या चौघांच्या अंगात जोर आला, पाठची पोरं दणादणा पाय आपटायला लागली. देवी प्रसन्न झाली असंच प्रत्येकाला वाटत होतं. पूल जितका उसळत होता तितकं त्यांना नाचायला चेव येत होता, आणि ते जितके नाचत होते तितका पूल उसळत होता. “थांबा! पाय थांबवा!” मी घसा फोडून ओरडले. माझा आवाज माझ्याच कानांपर्यंत आला नाही.

पुलाच्या मध्यावर येईपर्यंत तळपाय फळीवरून सुटायला लागले. बाजूचा तारदोर हाताशी होता तो गुडघ्याशी जायचा, परत छातीशी यायचा. आईच्या हातातलं ताट उडालं, तांदूळ आणि नारळ खाडीत गेले. कुठेतरी लोखंड कर्कश ओरडलं. आता बायका खिदळत नव्हत्या. पण पुढचे नाचतच होते. ढोल वाजतोय तोवर पाय थांबवायचे कसे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

आणि बाबांचा ठोका चुकला.

एक ठोका लवकर पडला. दुसरा पडलाच नाही. मग दोन लागोपाठ, मग एक कुठे तरी भलतीकडेच. मला वाटलं, घाबरले. माझे बाबा घाबरले.

“काका! ताल! काका, ताल गेला!” संदेश ओरडला आणि त्यानं आपल्या ढोलावर चाल सावरून धरायचा प्रयत्न केला. बाबांनी त्याच्यावर वरताण जोर काढला. संदेशचा ठोका इथे, तर यांचा तिथे. तो धरायला गेला की हे सुटायचे. पालखीवाल्यांतल्या एकाचं पाऊल उचललेलं, दुसऱ्याचं टेकलेलं, तिसरा अडखळून गुडघ्यावर आला. पालखी भेलकांडली. “कोण चुकतोय रे? कोण चुकतोय तो?” पाठून शिव्या आल्या. माणसं एकमेकांवर आदळली, कोणी पुढे गेलं, कोणी जागीच थबकलं. साठ माणसांची साठ पावलं झाली.

पूल बसायला लागला. एकाचा पाय फळी खाली दाबत होता, त्याच वेळी दुसऱ्याचा धक्का तिला वर घेत होता. दोन्ही मिळून शून्य. मी वहीत हे किती वेळा लिहिलं होतं! दहा-बारा श्वासांत फळ्या पायाखाली परत आल्या, आणि पालखी कशीबशी, झोकांड्या खात, पैलवाडीच्या काठाला लागली.

तिथे कोणी जल्लोष केला नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाट बघितलेली देवी त्यांच्याकडे आली ती धडपडत आली. गावकर गर्दी सारत बाबांपुढे आले.

“धाकू, म्हातारा झालास तू! आजच्या दिवशी चुकलास? आजच्या? उतरव तो ढोल.”

बाबांनी पट्टा डोक्यावरून काढला. डोक्याला गुंडाळलेल्या पंच्याच्या टोकानं ढोल पुसला, संदेशला त्याचा ढोल उतरवायला लावला आणि हा स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात घातला. पट्ट्याची गाठ त्याच्या उंचीची करून दिली. “वाजव. इथं जमीन हाय,” एवढंच म्हणाले.

संदेशनं चाल धरली आणि नवलाई पैलवाडीत नाचली. आईच्या माहेरच्या अंगणात नाचली. मी गावकरांकडे धावले, तर बाबांनी माझं मनगट धरलं. चिरे उचलणारा हात तो, सुटतोय कसला!

“गप.”

“बाबा, तुम्ही मुद्दाम... मी सांगते त्यांना. आत्ताच्या आत्ता सांगते.”

“काय सांगशील? पूल पडत होता? मग पुढल्या वर्षी पालखी परत होडीत बसेल. तुज्या आयशीच्या माहेरी परत मुकी येईल. आणि बापाच्या डोक्यात हे घातलं कोणी, तर शिकलेल्या पोरीनं. जन्मभर तुला बोलतील.” मग हळूच म्हणाले, “पोरी, तुजं गणित बरोबर होतं गो. जोर अजिबात लागत नव्हता. टिपरू टेकवलं की पूल उचलत होता.”

मी रडायला लागले. ते म्हणाले, “गप. आई बघतेय.”

आई खरंच बघत होती. घरी आल्यावर तिनं बाबांशी अबोला धरला तो आठ दिवस. ताट आदळून वाढायची आणि पाठ फिरवायची. मी सांगायला तोंड उघडलं की बाबा पडवीतून खाकरायचे. त्यांनी मला देवीची शपथ घातली होती, आईलासुद्धा सांगायचं नाही म्हणून. तिच्या पोटात काही राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. ढोल पुन्हा आमच्या घरी आला नाही. पडवीतल्या खुंटीवर नुसतं टिपरू लटकत राहिलं.

पुढच्या शिमग्याला मी धास्तावूनच आले. पालखी पुलावर चढली आणि संदेशनं काय करावं? बाबांसारखा पंचा डोक्याला गुंडाळला, कंबरेत वाकला आणि वेडावाकडा ढोल बडवायला लागला. एक ठोका इथे, एक तिथे. “धाकू चुकला! धाकू चुकला!” पोरं ओरडत होती. सगळा गाव हसत, धडपडत, एकमेकांना ढकलत पूल ओलांडत होता. पैलवाडीच्या काठावर पाय लागला तशी त्यानं खरी चाल धरली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मी त्याचा ढोल फोडते,” मी म्हटलं. बाबा तर सगळ्यांत जास्त हसत होते, डोळे पुसत होते. “शिमगा हाय, बाय. शिमग्यात कोणाची नक्कल करत नायत?” त्यानंतर दर वर्षी ते चाललं. दर वर्षी मी दात-ओठ खात पूल ओलांडायचे. बी.एस्सी. झाले, शाळेत विज्ञान शिकवायला लागले, पण पायाखालचा पूल हलत नाही हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. इतकी मी हुशार!

बाबा सतरा वर्षांनी गेले, श्रावणात. त्यानंतरच्या शिमग्याला मी घरी गेले तर संदेश सहाणेवरून मुद्दाम उठून आला. त्याच्या कानांवर पांढरे केस आले होते.

“बाय, काका गेले म्हणून विचारतो. यंदा पुलावर करू ना?”

“काय?”

“काकांची चूक.”

तोंडाला येईल ते बोलणार होते मी. पण तोच पुढे म्हणाला, “त्यांनीच सांगितलेलं ना. पहिल्या वर्षी घरी आलेले माज्या. म्हणाले, ‘संदेश, शिमग्यात माजी नक्कल कर. पण पुलावरच कर. या काठापासनं त्या काठापर्यंत, मधे सोडायची नाय. आणि दर वर्षी कर.’ मी म्हटलं, काका, लाज वाटते. तर म्हणाले, ‘माजी लाज मी बघून घेतो.’” त्यानं मान खाजवली. “पुलावरच का, ते काय बोलले नायत.”

मी मान हलवली. कर म्हटलं.

दुपारी पुलावर गर्दी झाली. आता पैलवाडीचीही माणसं अलीकडे येऊन पालखीबरोबर चालायची, शंभराच्या आत कोणी नव्हतं. आई सत्तरीला टेकलेली, माझा हात धरून चालत होती. संदेशनं पंचा गुंडाळला आणि पुढे होऊन नक्कल सुरू केली. माणसं हसली. माझे डोळे भरून आले होते, मला समोरचं धड दिसत नव्हतं.

मधे पोचलो आणि पायाखालची फळी जराशी उचलली. मग पुन्हा उचलली. आई थांबली. तिनं मान तिरकी केली आणि ऐकत राहिली.

“हा मेला तेच तेच चुकतोय,” ती म्हणाली.

“काय?” मी विचारलं.

“ऐक ना. एक लवकर, एक नाय, दोन लागोपाठ. परत एक लवकर, एक नाय, दोन लागोपाठ. पोरं त्यावर पाय टाकायला लागली, बघ. चुकीचा पण ताल केलान ह्यानं.” फळी पुन्हा वर आली. “तुझा बाप त्या दिवशी एकदा चुकला तसा दुसऱ्यांदा नाय चुकला. दर ठोक्याला नवा चुकत होता. तेवढं चुकायला ताल किती पक्का लागतो!”

“आई, तुला ठाऊक होतं?”

“बत्तीस वर्षं त्या ढोलावर संसार केलाय मी. तो कधी चुकेल आणि कधी चुकवेल, हे मला कळायचं नाय?”

“मग आठ दिवस अबोला का धरलास?”

“मला न सांगता केलंन म्हणून.” ती म्हणाली. “मला सांगितलंन असतं तर मी नसती का चुकले त्याच्याबरोबर?”

पूल तिसऱ्यांदा उचलला. आईनं माझा हात सोडला, पदर खोचला आणि कोपरांनी माणसं बाजूला सारत ती पुढे निघाली. मी पाठोपाठ धावले. पालखीच्या पुढे जाऊन ती संदेशच्या समोर उभी राहिली, आणि जन्मात कधी चारचौघांत आवाज न चढवलेली माझी आई सगळ्या गावासमोर ओरडली, “अरे मेल्या, नीट चूक! माझा नवरा कसा चुकायचा, तसा चूक!”

शंभर माणसं खो खो हसली. संदेशही हसला आणि त्या हसण्यात त्याचा हात सुटला, ठोके वाटेल तसे पडायला लागले. आई तिथेच उभी राहून ऐकत होती. दोन-तीनदा तिनं मान डोलावली. पूल खाली बसला, आणि मग ती माहेरच्या काठाकडे चालायला लागली.